पिझ्झा किती मागवावा? माणशी हिशेबाचे सोपे गणित

पंगतीच्या स्वयंपाकाचा अंदाज मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. दहा पाने वाढायची असतील तर तांदूळ किती भिजवावेत, कणीक किती मळावी, हे घरातील जाणत्या बाईला कागद-पेन्सिलीवाचून सांगता येते. शिवाय हा स्वयंपाक लवचिक असतो. ऐनवेळी चार माणसे वाढली तर वरणात पाणी वाढवता येते, आणखी एक भाताचा कुकर लावता येतो आणि अगदीच वेळ आली तर पिठले घुसळून निभावून नेता येते. पिझ्झाच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नसते. मागणी एकदा नोंदवली की आकडा ठरला. खोकी उघडल्यावर पिझ्झा कमी पडला तर दुसरी खेप येईपर्यंत पाऊण तास ताटकळावे लागते. जास्त झाला तर पैसा आणि अन्न दोन्ही वाया जातात.

मोठ्या परदेशी साखळ्यांची पिझ्झाची दुकाने भारतात १९९६ साली आली. डॉमिनोजने दिल्लीत आणि पिझ्झा हटने बंगळूरमध्ये आपले पहिले दुकान थाटले. त्याआधीही बेकरीतून तयार बेस आणून, त्यावर टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची आणि किसलेले चीज घालून तव्यावर पिझ्झा करण्याची हौस शहरी घरांत होती. आता मात्र मुलांचा वाढदिवस, कार्यालयात उशिरापर्यंत चालणारे काम, क्रिकेटचा सामना किंवा नव्या घरी सामान लावण्याचा दिवस, अशा कितीतरी प्रसंगी पिझ्झा हेच जेवण असते. पदार्थ रुळला, त्याचा अंदाज मात्र अजून आपल्या हाताला बसलेला नाही. तो कसा बांधावा, याची ही माहिती.

नग मोजू नका, आकार मोजा

'बारा माणसे आहेत, सहा पिझ्झा पुरतील ना?' हा प्रश्न नेहमी कानावर येतो. त्याला उत्तर नाही. कारण पिझ्झा हे काही माप नव्हे. आपल्याकडे साधारणपणे लहान पिझ्झा ७ इंच, मध्यम १० इंच आणि मोठा १३ इंच व्यासाचा असतो. दुकानागणिक यात फरक पडतो. म्हणून 'मोठा', 'मध्यम' या शब्दांवर न जाता व्यास किती इंच, हे आधी विचारून घ्यावे.

व्यासाच्या आकड्यांनी डोळ्यांची फसगत होते. १३ इंच हे ७ इंचांच्या दुपटीहूनही कमी आहेत, म्हणून एका मोठ्या पिझ्झाऐवजी दोन लहान मागवले तर चालेल असे वाटते. वस्तुतः वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या 'लीलावती'त परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत दिली आहे. त्या रीतीने ७ इंची पिझ्झाचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस इंच, १० इंचीचे ७८.५ आणि १३ इंचीचे १३२.७ चौरस इंच येते. म्हणजे एक मोठा पिझ्झा हा जवळजवळ साडेतीन लहान पिझ्झांच्या बरोबरीचा असतो आणि एक मध्यम पिझ्झा दोन लहान पिझ्झांइतका.

तुकड्यांच्या मोजणीतही हीच गफलत होते. लहान पिझ्झाचे ४, मध्यमचे ६ आणि मोठ्याचे ८ तुकडे करण्याची पद्धत रूढ आहे. मोठ्यातील एक तुकडा सुमारे साडेसोळा चौरस इंचांचा, तर लहानातील साडेनऊ चौरस इंचांचा असतो. 'माणशी तीन तुकडे' असे ठरवले आणि तुकडे लहान पिझ्झाचे निघाले, तर तीच माणसे अर्धपोटी उठतील.

गुणांची पद्धत

दर वेळी पाय घेऊन गुणाकार करण्याची गरज नाही. तुलनाच करायची असल्याने व्यासाचा वर्ग पुरेसा आहे. त्या वर्गाला आपण 'गुण' म्हणू आणि सोयीसाठी आकडे पूर्णांकात घेऊ.

७ इंची लहान पिझ्झा : ५० गुण
१० इंची मध्यम पिझ्झा : १०० गुण
१३ इंची मोठा पिझ्झा : १७० गुण

दुकानातील आकार याहून वेगळे असतील तर त्यांचा वर्ग करावा. ९ इंचाचे सुमारे ८० गुण, १२ इंचाचे सुमारे १४५ गुण. आता खाणाऱ्यांचे गुण. पिझ्झा हेच मुख्य जेवण असेल तर पुढील प्रमाण धरावे.

प्रौढ व्यक्ती : ६५ गुण (मोठ्या पिझ्झाचे सुमारे ३ तुकडे)
महाविद्यालयीन वयाची मुले-मुली : ८५ गुण (सुमारे ४ तुकडे)
पाच ते दहा वर्षांची मुले : ३० गुण
बेताने जेवणारी वडीलधारी मंडळी : ४० गुण

सोबत गार्लिक ब्रेड, पास्ता किंवा अन्य पदार्थ असतील तर प्रौढांचे गुण ४५ वर आणावेत. चहाच्या वेळचा कार्यक्रम असेल आणि केक, वेफर्स, सामोसे आधीच पोटात गेलेले असतील, तर ३० गुण पुरे होतात. हे ठोकताळे आहेत. आपल्या मंडळींचा आहार आपल्याला ठाऊक असतो, त्याप्रमाणे पाच-दहा गुण इकडेतिकडे करावेत.

कृती अगदी सोपी आहे. सर्वांच्या गुणांची बेरीज करावी आणि तेवढे गुण भरतील असे पिझ्झा निवडावेत. उदाहरणार्थ, बारा प्रौढ माणसांचे रात्रीचे जेवण: १२ गुणिले ६५, म्हणजे ७८० गुण. ४ मोठ्यांचे ६८० आणि १ मध्यमचे १०० मिळून नेमके ७८० होतात. सुरुवातीच्या प्रश्नातील सहा पिझ्झा मध्यम आकाराचे असते तर ६०० गुणच भरले असते आणि जवळजवळ तिघांचे जेवण कमी पडले असते. तेच सहा मोठे असते तर १०२० गुण होऊन चौघांचे जेवण उरले असते.

परदेशी ठोकताळा जपून वापरावा

अमेरिकेत यासाठी एक सुटसुटीत नियम प्रचलित आहे. माणसांच्या संख्येला ३ ने गुणावे आणि ८ ने भागावे. येईल तेवढे पिझ्झा मागवावेत. सोळा माणसांना सहा पिझ्झा. माणशी तीन तुकडे आणि एका पिझ्झाचे आठ तुकडे, हा त्यामागचा साधा हिशेब होय. परंतु तो नियम तिकडच्या १४ इंची मोठ्या पिझ्झासाठी आहे. आपल्या पद्धतीने अशा सहा पिझ्झांचे सुमारे ११७५ गुण होतात. आपल्याकडचे १३ इंची सहा पिझ्झा घेतले तर १०२० गुण भरतात आणि सोळा जणांचे कसेबसे भागते. पण हाच नियम मध्यम पिझ्झाला लावला तर ६०० गुणच होतात आणि निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांचे पोट भरते. नियम चुकीचा नाही, त्यामागचे माप वेगळे आहे.

बेसचा प्रकारही पाहावा लागतो. इटलीतील नेपल्स येथे एक माणूस एक आख्खा पिझ्झा सहज संपवतो. तेथील पारंपरिक पिझ्झाचा व्यास नियमानुसार ३५ सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. पण तो मध्यभागी अतिशय पातळ असतो आणि त्यावरचे चीजही माफक असते. हा पिझ्झा बनवण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. याउलट जाड पॅन पिझ्झा किंवा आत चीज भरलेला बेस दोन-तीन तुकड्यांतच जड होतो. वर दिलेले गुण नेहमीच्या साध्या बेससाठी आहेत. पातळ बेस असेल तर एकूण गुण पाचव्या हिश्श्याने वाढवावेत, चीज भरलेला असेल तर तेवढेच कमी करावेत.

पैशांचा हिशेब

किमतीची तुलनाही नगावर न करता गुणावर करावी. समजा, एका दुकानात एकाच प्रकारचा पिझ्झा लहान २४० रुपयांना, मध्यम ४५० रुपयांना आणि मोठा ६५० रुपयांना आहे. १०० गुणांमागे लहानाला ४८० रुपये, मध्यमला ४५० रुपये आणि मोठ्याला सुमारे ३८० रुपये पडतात. आकडे केवळ उदाहरणादाखल असले तरी मोठा पिझ्झा बहुधा स्वस्त पडतो.

मोठ्या पिझ्झाचा आणखी एक फायदा आहे. कडेचा अर्धा इंच भाग कोरा असतो असे धरले, तर ७ इंची पिझ्झावर चीज-भाज्यांचा भाग जेमतेम ७३ टक्के उरतो. १३ इंची पिझ्झावर तो ८५ टक्के असतो. लहान पिझ्झात आपण कडेचेच पैसे अधिक मोजतो. अर्थात 'दोनावर एक फुकट' अशा योजना असतात, तेव्हा हे गणित उलटेही होऊ शकते. एकूण रक्कम, त्यावरील कर आणि पोहोचवण्याचा आकार धरून, एकूण गुणांनी भागावी, म्हणजे जाहिरातीतील आकर्षण आणि प्रत्यक्ष लाभ यांतील अंतर कळते.

शाकाहारी मंडळींचा वाटा

एकूण अंदाज बरोबर येऊनही कुणीतरी उपाशी राहते, असा प्रकार अनेक कार्यालयांत घडतो. याचे कारण वाटणीत असते. मांसाहार करणारी व्यक्ती पनीरचा किंवा साधा मार्गारिटाचा तुकडाही आनंदाने उचलते. शाकाहारी व्यक्तीला मात्र चिकनच्या खोक्याकडे वळता येत नाही. म्हणून माणसांच्या प्रमाणात पिझ्झा विभागले की शाकाहारी खोकी आधी रिकामी होतात आणि मांसाहारी पिझ्झा तसाच पडून राहतो.

वरील बारा जणांपैकी पाच शाकाहारी आणि सात मांसाहारी आहेत असे धरू. शाकाहारींचे ३२५ गुण होतात. सात मांसाहारींनी प्रत्येकी एक शाकाहारी तुकडा घेतला तर त्याचे सुमारे १४७ गुण त्यात मिळवावे लागतील. म्हणजे शाकाहारी पिझ्झाची गरज सुमारे ४७० आणि मांसाहारीची सुमारे ३१० गुण. येथे ३ मोठे शाकाहारी आणि २ मोठे मांसाहारी पिझ्झा मागवणे योग्य. मांसाहारी माणसे संख्येने जास्त असूनही शाकाहारी पिझ्झा जास्त लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मंडळींमध्ये कांदा-लसूण न खाणारे कुणी असेल तर त्यांच्यासाठी स्वतंत्र मध्यम पिझ्झा सांगावा आणि खोक्यावर नाव लिहावे. वरचा कांदा काढून टाकला की झाले, असे नसते. सॉसमध्येही कांदा-लसूण असतो. त्यामुळे दुकानात तसे स्पष्ट विचारणे आवश्यक आहे. मागणी नोंदवण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही नजर टाकावी. श्रावणात, संकष्टीला किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारी एरवीचे मांसाहारी लोक शाकाहारी होतात आणि कडक उपवास करणाऱ्यांना पिझ्झाच चालत नाही. आकडा तोच राहतो, पण वाटणी बदलते.

थोडक्यात, ज्याच्यापुढे पर्याय कमी त्याचा वाटा आधी राखून ठेवावा. मधुमेहामुळे मैदा टाळणारे काका, चीज न पचणारी मैत्रीण, पिझ्झाला हातही न लावणाऱ्या आजी यांच्यासाठी वेगळे काहीतरी आधीच ठरवावे. घरी साधा वरणभात टाकायला वेळ लागत नाही, मात्र तो लक्षात राहायला हवा.

मोजणीत कोण येते?

निमंत्रितांची यादी आणि प्रत्यक्ष खाणाऱ्यांची यादी यांत फरक असतो. 'बघू, जमलं तर येतो' असे म्हणणारे बरेच असतात. त्यांना मोजायचे की नाही, हे अंदाजावर न सोडता मागणीच्या दोन-तीन तास आधी पुन्हा विचारून घ्यावे. मुलांच्या वाढदिवसाला मुलांना सोडायला आलेल्या पालकांपैकी काही थांबतात. वीस मुले आणि थांबलेले आठ पालक यांचे, संध्याकाळच्या खाण्याच्या हिशेबाने, ३० गुणांप्रमाणे ८४० गुण होतात. येथे मुलांसाठी ६ मध्यम आणि पालकांसाठी १ मोठा व १ मध्यम घेणे सोयीचे. मध्यम पिझ्झाचा तुकडा मुलांच्या हातात नीट मावतो आणि अर्धवट खाऊन टाकलेले तुकडे कमी होतात.

ज्यांना आपण सहसा मोजत नाही, अशीही माणसे असतात. त्या दिवशी उशिरापर्यंत थांबलेल्या घरकामाच्या ताई, इमारतीचा रखवालदार, कार्यालयातील शिपाई, खाली गाडीत बसलेला चालक. शेवटी उरलेले गार तुकडे त्यांच्या हातात ठेवणे आणि सुरुवातीलाच त्यांचे ६५ गुण धरून गरम पिझ्झा बाजूला काढणे, या दोन्हींत फार अंतर आहे. एक मध्यम पिझ्झा वाढवला तर दीड माणसाचे जेवण होते. तो खर्च एकूण बिलात फारसा जाणवतही नाही. घेणाऱ्याला मात्र तो जाणवतो.

प्रकार, वेळ आणि खेपा

पाच पिझ्झा मागवायचे म्हणजे पाच नवे प्रयोग करायचे असे नव्हे. निम्मे पिझ्झा सर्वांना चालतील असे साधे असावेत: चीजचा मार्गारिटा, कांदा-ढोबळी मिरची, मका, पनीर. उरलेल्यांत हौस भागवावी. तिखट मिरची, ऑलिव्ह किंवा मशरूम यांवर मतभेद हमखास होतात. दुकानात अर्ध्या-अर्ध्या भागावर वेगळे टॉपिंग घालून मिळत असेल तर तो उत्तम मार्ग होय.

शनिवार-रविवारची संध्याकाळ, क्रिकेटच्या महत्त्वाच्या सामन्याचा दिवस आणि ३१ डिसेंबर या वेळी दुकानांवर ताण असतो. पाचाहून अधिक पिझ्झा हवे असतील तर दुपारीच दूरध्वनी करून वेळ ठरवावी. कार्यक्रम तीन-चार तास चालणार असेल, तर सर्व पिझ्झा एकदम मागवू नयेत. दोन-तृतीयांश गुण पहिल्या खेपेत आणि उरलेले तासाभराने मागवावेत. पहिल्या खेपेचा रंग पाहून दुसरी खेप कमी-जास्त करता येते. पंगतीतला लवचिकपणा काही अंशी परत मिळवण्याचा हाच एक उपाय आहे.

कमी पडू द्यावे की उरू द्यावे?

बेरीज दोन आकारांच्या मध्ये अडकली तर घरी वरच्या बाजूला झुकावे, कारण घरात शीतकपाट असते. कार्यालयात ती सोय नसेल तर खालच्या बाजूला राहावे आणि तूट गार्लिक ब्रेड किंवा फळांनी भरून काढावी. भर घालायचीच असेल तर ती लहान किंवा मध्यम पिझ्झाची असावी. 'असू द्या एक जास्त' म्हणून घेतलेला मोठा पिझ्झा म्हणजे अडीच माणसांचे जेवण असते.

उरलेला पिझ्झा दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. कडक उन्हाळ्यात, खोलीत ३२ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असेल तर एका तासाच्या आत. खोक्यासकट न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. गरम करताना मंद आचेवर तव्यात ठेवून झाकण घालावे; तळ कुरकुरीत होतो आणि चीज वितळते. रात्रभर टेबलावर राहिलेला पिझ्झा मात्र कुणालाही देऊ नये.

मागणीपूर्वीची उजळणी

१. नक्की येणाऱ्यांची मोजणी करा. वाढणारे आणि मदतीला असणारेही त्यात धरा.
२. प्रत्येकाचे गुण मांडून बेरीज करा.
३. दुकानातील पिझ्झाचा व्यास विचारा आणि त्याचा वर्ग करा.
४. शाकाहारींच्या बेरजेत प्रत्येक मांसाहारी व्यक्तीमागे एक तुकडा, म्हणजे सुमारे २० गुण वाढवा आणि तेवढेच मांसाहारी बाजूतून वजा करा.
५. विशेष पथ्य असणाऱ्यांचे खोके वेगळे सांगा आणि ते सर्वांत आधी त्यांच्या हाती द्या.
६. शक्य असेल तर मागणी दोन खेपांत विभागा.

या साऱ्याला कागदाच्या एका कपट्यावर पाच मिनिटे पुरतात. दोन-चार वेळा असा हिशेब केला की आकडे आपोआप तोंडी बसतात आणि मग तांदळाच्या अंदाजासारखा हाही अंदाज हाताला बसतो. पाहुणा उपाशी उठू नये आणि अन्न टाकावे लागू नये, या दोन जुन्या अपेक्षा आहेत. ताटाऐवजी खोके आले म्हणून त्या बदलण्याचे कारण नाही.